तरुण आणि सक्रिय वयातील गुडघेदुखी : संभाव्य कारणे आणि ती ओळखण्याच्या खुणा

कातळवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गुडघेदुखी म्हटले की बहुतेकांना उतारवय आणि झीज एवढेच आठवते. प्रत्यक्षात नियमित धावणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या किंवा मैदानी खेळ खेळणाऱ्या विशी ते चाळिशीच्या दरम्यानच्या अनेकांना हे दुखणे छळते आणि त्यांच्या बाबतीत झीज हे कारण क्वचितच असते. तरीही सल्ले मात्र झिजेचेच मिळतात : धावणे सोडा, जिने टाळा, गुडघा जपा.

माझ्या दुखण्याचे स्वरूप सांगतो. कोणताही मार लागलेला नाही, सूज नाही. जिना उतरताना आणि उकिडवे बसताना वाटीच्या मागे बोथट दुखते. जागा दाखवायला सांगितली तर एक बोट पुरत नाही, अख्खा तळहात वाटीवर ठेवावा लागतो. बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर उठले की पहिली काही पावले अवघडलेली पडतात. अलीकडेच धावण्याचे अंतर वाढवले होते आणि त्याच सुमारास टेकडीचा चढ-उतारही सुरू केला होता. एका परिचिताने वाटीखालची कूर्चा (हाडावरचे गुळगुळीत आवरण) मऊ झाल्याचे सांगितले, दुसऱ्याने सांध्यातली गादी फाटली असेल म्हटले, तर तिसऱ्याने युरिक ॲसिड तपासायला सांगितले.

एकाच गुडघ्याविषयी इतकी मते कशी निघतात आणि त्यांतली कोणती कधी लागू पडतात, हे समजून घ्यावे यासाठी हा धागा काढला आहे. चर्चा माझ्यापुरती न राहता इतरांच्याही उपयोगी पडावी. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

भारसाम्य

चांगला विषय घेतलात. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. येथील लेखनाने प्रत्यक्ष तपासणीची जागा भरून निघत नाही, एवढे आधीच नमूद करते.

रुग्ण समोर आला की मी गुडघ्याला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी विचारते. दुखणे नेमके कुठे आहे, ते एका क्षणात सुरू झाले की हळूहळू, सूज आली का आणि आली असल्यास किती वेळाने, आणि कोणत्या हालचालीने ते हमखास जागे होते. या चार उत्तरांतून कारणांची यादी इतकी आखडते की पुढची तपासणी बऱ्याचदा केवळ खात्री करण्यासाठी उरते.

तुमचे वर्णन वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामधल्या सांध्याच्या दुखण्याशी जुळते. त्याला पटेलोफेमोरल वेदना म्हणतात आणि सक्रिय तरुणांमध्ये गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखण्याचे हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. नेमकी जागा बोटाने न दाखवता येणे, जिना उतरताना आणि उकिडवे बसताना दुखणे, बराच वेळ बसून उठल्यावर अवघडणे आणि सूज नसणे, हे सगळे त्याच बाजूला बोट दाखवते. याच्या निदानासाठी सहसा कोणतीही प्रतिमा काढावी लागत नाही.

आता हे का होते? गुडघा जितका दुमडलेल्या स्थितीत वजन पेलतो, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते. १९७२ साली झालेल्या मोजमापांनुसार सपाटीवर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, जिन्यावर तो तिपटीहून थोडा अधिक होतो आणि खोल उठाबशीत सात ते आठ पटींपर्यंत जातो. पुढच्या अभ्यासांत आकडे कमी-अधिक आले, परंतु चढता क्रम तोच राहिला. म्हणून सपाटीवर काहीच न जाणवणारा माणूस जिन्यावर कळवळतो. निरोगी सांध्याला हा दाब सोसतो. पण अंतर, वेग आणि उतार यांपैकी दोन गोष्टी एकाच वेळी वाढवल्या, तर ऊतींना जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही आणि तो भाग संवेदनशील होतो. तुम्ही अंतर आणि टेकडी एकदमच सुरू केलीत, हा तपशील माझ्या दृष्टीने कूर्चेच्या चर्चेपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

खुब्याच्या बाजूचे आणि मागचे स्नायू थकले की पाऊल टेकताना मांडी आत वळते आणि गुडघा आतल्या बाजूला झुकतो, त्यामुळे वाटीवरचा दाब एका बाजूला एकवटतो. आरशासमोर एका पायावर उभे राहून हळूहळू थोडे खाली बसा. गुडघा पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो की अंगठ्याच्याही आत घसरतो, ते पाहा. या एका चाचणीवरून निदान करू नये, पण व्यायामाची दिशा कळते. उपचारात खुब्याचे आणि गुडघ्याचे अशा दोन्ही स्नायूंचे बळकटीकरण एकत्र केल्यास केवळ गुडघ्याच्या व्यायामापेक्षा चांगला गुण येतो. चिकटपट्टी लावणे किंवा बुटात आधाराचा तळवा घालणे यांनी सुरुवातीचे काही आठवडे आराम मिळू शकतो. तो व्यायाम करता यावा म्हणून घ्यायचा असतो, व्यायामाऐवजी नव्हे.

उंचउडी

भारसाम्य यांच्याशी सहमत आहे. माझे दुखणेही पुढच्याच बाजूला होते, परंतु त्याचा स्वभाव अगदी वेगळा होता, म्हणून लिहितो. मी व्हॉलीबॉल खेळतो. मला वाटीच्या खालच्या टोकावर, एका बोटाच्या पेरात मावेल एवढ्या जागी दुखत असे. खेळाच्या सुरुवातीला ठणका, मग अंग गरम झाले की तो जवळजवळ नाहीसा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दुप्पट. मी विश्रांती घेतली की बरे वाटे, खेळायला लागलो की पुन्हा तेच. हे चक्र पुष्कळ काळ चालले. याला उडीमाऱ्यांचा गुडघा म्हणतात असे कळले. विश्रांतीने हे बरे का होत नाही, हे कोणी समजावून सांगेल का?

भारसाम्य

वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारी जी कंडरा, म्हणजे दोरीसारखी चिवट पट्टी असते, तिचे हे दुखणे आहे. उडी मारताना आणि विशेषतः जमिनीवर परतताना तिच्यावर फार मोठा ताण येतो. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी सुमारे ३२ टक्के जणांना हे दुखणे त्या वेळी होते, तर सायकलपटूंमध्ये ते एकालाही आढळले नाही. गुडघा दोघेही वापरतात. फरक उडीचा आहे.

कंडरेची ताण सोसण्याची क्षमता ताण दिल्यानेच टिकते आणि वाढते. पूर्ण विश्रांतीत वेदना शमते, पण त्याबरोबर क्षमताही घटते. मग मैदानावर परतल्यावर तीच उडी पूर्वीपेक्षा कमकुवत झालेल्या कंडरेला झेलावी लागते. म्हणून उड्या तात्पुरत्या कमी करून वजनाचे सावकाश व्यायाम चालू ठेवायचे असतात. आधी गुडघा एका कोनात स्थिर ठेवून ताण धरायचा, मग वजन घेऊन संथ बैठका घालायच्या आणि सर्वांत शेवटी उड्या. याला तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि ते आधीच सांगितले नाही तर लोक सहाव्या आठवड्यात कंटाळून सोडून देतात. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंतची वेदना चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती मूळ पातळीवर आली पाहिजे. न आल्यास आदल्या दिवशीचा भार अधिक झाला, असे समजावे. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा मोह टाळावा. काही काळ दुखायचे थांबते, पण कंडरा दुर्बळ होण्याचा धोका असतो.

याच कंडरेच्या खालच्या टोकाला, नडगीच्या पुढच्या उंचवट्यावर, काही तरुणांना कडक टेंगूळ असते. वाढीच्या वयात तेथील हाडाच्या वाढत्या भागावर कंडरेची ओढ बसून ते आलेले असते. बहुतेकांचे दुखणे वाढ पूर्ण झाल्यावर थांबते आणि टेंगूळ तेवढे राहते. गुडघे टेकून बसल्यावर ते दुखते, एरवी ते निरुपद्रवी असते.

मैदानवेडी

हे सर्व हळूहळू सुरू होणाऱ्या दुखण्याविषयी झाले. अचानक झालेल्या दुखापतीविषयीही कोणी लिहावे. मी फुटबॉल खेळते. दिशा बदलताना पाय जमिनीत रुतल्यासारखा झाला, आतून काही तरी तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला आणि घरी पोहोचेपर्यंत गुडघा टरारून फुगला. कोणाचा धक्काही लागला नव्हता. एक्स-रे सामान्य आला आणि लचक आहे म्हणून पट्टी बांधून पाठवण्यात आले. सूज काही आठवड्यांत उतरली. आता सरळ चालताना काहीच वाटत नाही, पण वळताना गुडघा दगा देतो.

अस्थिवेध

मैदानवेडी, कृपया पुन्हा तपासून घ्या आणि तोपर्यंत वळणे, उड्या व सामने पूर्ण थांबवा. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या वर्णनातील तीन गोष्टी, म्हणजे तुटल्याचा आवाज, पहिल्या दोन-तीन तासांतच आलेली मोठी सूज आणि नंतर वळताना गुडघा निसटणे, एकत्र आल्या की पुढचा आडवा अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा सांध्यातला पट्टा), अर्थात एसीएल, तुटल्याची शंका सर्वप्रथम घ्यावी लागते. एक्स-रेत अस्थिबंध दिसत नाही, त्यामुळे तो सामान्य येणे यात दिलासा फक्त हाडापुरता आहे.

दुखापतीनंतर सूज किती वेळाने आली हा प्रश्न रुग्णांना क्षुल्लक वाटतो, पण माझ्यासाठी तो फार मोलाचा आहे. दोन-तीन तासांत फुगलेल्या गुडघ्यात बहुतेक वेळा रक्त असते. म्हणजे रक्तपुरवठा असलेले काही तरी फाटले आहे किंवा मोडले आहे : एसीएल, सांध्याच्या आतील हाड, किंवा वाटी निखळून जागेवर बसताना फाटलेले तिचे आतले बंध. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली, तर गादी फाटून पाणी साठल्याची शक्यता अधिक असते. हा ठोकताळा आहे, त्याला अपवाद असतात, परंतु तो पुष्कळदा बरोबर ठरतो.

एसीएलच्या दहापैकी सुमारे सात दुखापती कोणाचाही धक्का न लागता होतात. धावता धावता थांबणे, एकदम वळणे, उडीवरून एका पायावर उतरणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. सारख्याच खेळात मुलींना आणि स्त्रियांना तिचा धोका पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक असतो. खेळापूर्वी करायच्या संतुलनाच्या आणि उडीवरून योग्य रीतीने उतरण्याच्या सरावाने तो लक्षणीयरीत्या कमी होतो, म्हणून मुलींच्या संघांत हा सराव आवर्जून व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

गादीविषयी थोडे. प्रत्येक गुडघ्यात आत आणि बाहेर अशा दोन चंद्रकोरी गाद्या असतात. तरुणांमध्ये त्या सहसा दुमडलेल्या गुडघ्यावर वजन असताना पीळ बसल्याने फाटतात. दुखणे सांध्याच्या फटीच्या रेषेवर असते, उकिडवे बसताना व वळताना वाढते. फाटलेला लांब तुकडा कधी बादलीच्या कडीसारखा आत उलटतो आणि गुडघा पूर्ण सरळच होत नाही. असा अडकलेला गुडघा थांबून पाहण्याचा नव्हे, तातडीने दाखवण्याचा आहे, कारण तरुण वयात गादी वेळेत शिवता आली तर ती वाचते. मात्र कधीतरी क्षणभर अडखळल्यासारखे वाटणे आणि खरोखर अडकणे यांत फरक आहे. पहिले वाटीच्या दुखण्यातही होते.

आतल्या बाजूचा अस्थिबंध बाहेरून धक्का बसून ताणला जातो. तो एकटाच दुखावला असेल तर बहुधा शस्त्रक्रियेविना चांगला भरतो.

मैदानवेडी

मनापासून आभार. तपासून घेते आहे. एसीएल तुटला असेल तर शस्त्रक्रिया अटळ असते का?

अस्थिवेध

अटळ नसते. स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयोगटातील १२१ सक्रिय व्यक्तींवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली आणि दुसऱ्या गटाला आधी पद्धतशीर व्यायाम देऊन, गरज वाटल्यासच शस्त्रक्रिया करण्याची मुभा ठेवली. दुसऱ्या गटातील ५९ पैकी २३ जणांना दोन वर्षांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली, उरलेल्यांना नाही. दोन वर्षांनंतर वेदना, हालचाल आणि खेळ यांच्या मोजणीत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक नव्हता. व्यावसायिक खेळाडू त्यात नव्हते, हे ध्यानात ठेवावे. वळणे-थांबणे अनिवार्य असलेल्या खेळात परतायचे असेल, गुडघा दैनंदिन हालचालीतही निसटत असेल, किंवा सोबत शिवण्याजोगी गादी फाटली असेल, तर मी शस्त्रक्रियेच्या बाजूने झुकतो. ती केली तरी नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतू नये. त्याआधी परतणाऱ्यांत गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक दिसले आहे.

लांबपल्ला

बाहेरच्या बाजूविषयी अद्याप कोणी लिहिले नाही. लांब अंतर धावणाऱ्यांना परिचित असलेले एक दुखणे असे असते की ठरावीक अंतरापर्यंत काहीच होत नाही आणि मग गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर आग झाल्यासारखी कळ येऊ लागते. चालत राहिले की थांबते, धावू लागले की परत येते. उतारावर अधिक, वेगाने धावताना त्यामानाने कमी. मला हेच झाले होते आणि मांडीच्या बाहेरच्या पट्ट्यावर लाटणी फिरवून मी तो सैल करू पाहत होतो, कारण सगळीकडे तेच वाचले होते.

भारसाम्य

अचूक वर्णन केलेत. खुब्यापासून नडगीपर्यंत मांडीच्या बाहेरून जाणारा आयटी बँड हा जाड, चिवट पट्टा आहे. गुडघा सुमारे ३० अंशांत दुमडतो त्या क्षणी तो मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर आवळला जातो. पूर्वी पट्टा हाडावर पुढे-मागे घासतो असे मानत. आता त्याखालच्या चरबीच्या संवेदनशील थरावर दाब येतो, असे अधिक मानले जाते. लाटणी फिरवून तो पट्टा लांब होत नाही, तेवढा तो मऊच नसतो. क्षणिक बरे वाटते एवढेच. त्याऐवजी उतार आणि अंतर काही आठवडे कमी करावे, खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट करावेत आणि पावले थोडी लहान व जलद टाकावीत. दर मिनिटाची पावले ५ ते १० टक्के वाढवली, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येणारा भार मोजण्याइतका घटतो. वाटीच्या दुखण्यातही याचा उपयोग होतो. कातळवाट यांनीही करून पाहावे.

दोनचाकी

सायकलवाल्यांसाठी एक छोटी भर घालतो. बैठक फार खाली असेल तर गुडघा पूर्ण फेरीभर अधिक दुमडलेला राहतो आणि पुढच्या बाजूला दुखते. ती फार वर असेल तर मागच्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखते. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा वाक राहील, अशी बैठक लावावी. बूट पॅडलला अडकत असतील तर पायाचा कोन किंचित चुकीचा असला तरी हजारो फेऱ्यांनंतर गुडघा तक्रार करतो.

सांजपावले

मी खेळाडू नाही, पण रोज पोहतो आणि चालतो, वय २९. माझा डावा गुडघा मार न लागता सुजला. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तो आखडलेला असतो आणि हालचाल केल्यावर सुटतो. त्याच्या सुमारे तीन आठवडे आधी जुलाबांचा त्रास झाला होता. या दोन्हींचा संबंध असू शकतो का? वरच्या एकाही वर्णनात माझे दुखणे बसत नाही, म्हणून विचारतो.

अस्थिवेध

संबंध असू शकतो आणि तुम्ही ही गोष्ट आठवणीने लिहिलीत हे फार चांगले केलेत. आतड्याच्या किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गानंतर एक ते चार आठवड्यांनी सांधे सुजतात, त्याला प्रतिक्रियात्मक संधिवात म्हणतात. तो तरुणांमध्येच अधिक दिसतो आणि गुडघ्यावर त्याचा विशेष रोख असतो. सोबत डोळे लाल होणे, टाच दुखणे, लघवीला जळजळ होणे, यांपैकी काही आहे का ते डॉक्टरांना सांगा.

वर भार, कंडरा, गादी असे जे लिहिले गेले, त्या सर्व यांत्रिक कारणांत हालचालीने दुखणे वाढते आणि विश्रांतीने कमी होते. दाहक संधिवातात नेमके उलट घडते. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकतो आणि हालचालीने सैल पडतो. घरात सोरायसिस, आमवात किंवा कण्याचा दाहक संधिवात कोणाला असेल, किंवा स्वतःला पाठीत असाच सकाळचा ताठरपणा असेल, तर संधिवाततज्ज्ञांकडे जावे. कातळवाट यांना कोणी युरिक ॲसिड सुचवले होते. युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा गाउट तरुणपणी होऊ शकतो, पण त्यात सांधा काही तासांत लाल, गरम आणि स्पर्शही सहन न होणारा होतो. उतरताना बोथट दुखणे हे त्याचे रूप नव्हे. सुजलेल्या गुडघ्यातील पाणी सुईने काढून तपासले तर स्फटिक, संसर्ग आणि दाह यांतला भेद रक्ततपासणीपेक्षा अधिक खात्रीने कळतो.

याच ओघात, ज्यांत वेळ दवडता येत नाही अशा काही गोष्टी लिहितो, कारण असे धागे वाचून लोक घरीच थांबतात याची मला काळजी वाटते. गुडघा गरम व सुजलेला आहे, ताप आहे आणि थोडीही हालचाल सहन होत नाही, तर तो सांध्यातील संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण संसर्ग काही दिवसांत कूर्चा नष्ट करतो. श्रमाशी संबंध नसलेली, रात्री झोपेतून उठवणारी आणि आठवड्यागणिक वाढणारी हाडातली वेदना असेल, विशेषतः गुडघ्याच्या लगत वर किंवा खाली कडक फुगवटा लागत असेल, तर एक्स-रे लांबवू नये. हाडाचा ऑस्टिओसार्कोमा हा कर्करोग दुर्मीळ आहे, परंतु तो किशोर व तरुण वयातच अधिक होतो आणि त्याची सर्वाधिक आढळणारी जागा गुडघ्याच्या आसपासच असते. अनेकदा खेळातला जुना मार म्हणून त्याकडे दुर्लक्ष झालेले असते.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे खुबा. खुब्याचे दुखणे मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरते आणि कधी फक्त गुडघ्यातच जाणवते. गुडघा दाबून, वाकवून काहीच सापडत नसेल तर खुबा फिरवून पाहिलाच पाहिजे. वाढत्या वयातील मुलगा गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल, तर हे न विसरता करावे, कारण खुब्याच्या हाडाचा वाढता भाग घसरलेला असू शकतो. लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला किंवा गुडघ्यालगतच्या नडगीला ताणामुळे बारीक तडा जातो. पहिल्या एक्स-रेत तो दिसेलच असे नाही. कमी खाऊन जास्त धावणाऱ्यांत, आणि ज्या मुलींची पाळी अनियमित झाली किंवा थांबली आहे त्यांच्यात, हा तडा आवर्जून शोधावा लागतो.

उंचउडी

अस्थिवेध, ताज्या दुखापतीत एक्स-रे कधी काढावा याचा काही नियम आहे का?

अस्थिवेध

आहे. कॅनडातील ओटावा येथे तयार झालेला, १९९० च्या दशकापासून वापरात असलेला नियम सोपा आहे. वाटीच्या हाडावरच दाबल्यावर दुखणे, गुडघ्याच्या बाहेर खालच्या बाजूला असलेल्या बारीक हाडाच्या टोकावर दुखणे, गुडघा ९० अंशांत दुमडता न येणे, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे, यांपैकी एक जरी असेल तर एक्स-रे काढावा. ५५ वर्षे वा त्याहून अधिक वय हा पाचवा निकष, तो येथील मंडळींना लागू नाही. यांपैकी एकही नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता अत्यल्प असते.

कातळवाट

या सर्व प्रतिसादांसाठी खूप आभार. दरम्यान, घरच्यांच्या आग्रहाखातर मी एमआरआय करून घेतला. अहवालात आतल्या गादीच्या मागच्या भागात ग्रेड २ बदल आणि वाटीखालच्या कूर्चेत सौम्य मऊपणा असे लिहिले आहे. हे वाचल्यापासून मनात धास्ती बसली आहे. शिवाय उठता-बसता वाटीतून कटकट आवाजही येतो.

अस्थिवेध

ग्रेड १ आणि ग्रेड २ म्हणजे गादीच्या आतल्या भागात दिसलेला रंगबदल, जो तिच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. ती फाटलेली नाही. पृष्ठभागापर्यंत पोहोचलेल्या ग्रेड ३ ला फाटणे म्हणतात. कूर्चेतला सौम्य बदल हा काहीच न दुखणाऱ्या गुडघ्यांतही सापडतो. दुखापत नसलेल्या आणि वेदना नसलेल्या लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय एकत्र अभ्यासणाऱ्या २०१९ सालच्या विश्लेषणात, चाळिशीच्या आतील सुमारे ११ टक्के जणांच्या कूर्चेत दोष होते आणि सुमारे ४ टक्के जणांची गादी फाटलेली होती. चाळिशीनंतर हेच आकडे सुमारे ४३ आणि १९ टक्क्यांवर गेले. ही माणसे चालत होती, खेळत होती आणि त्यांना काहीही दुखत नव्हते. म्हणून अहवालातला शब्द दुखण्याच्या जागेशी आणि स्वभावाशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय त्याला कारण म्हणू नये. तुमचे दुखणे आतल्या फटीवर नाही, वाटीच्या मागे आहे.

भारसाम्य

वेदना आणि सूज नसलेला आवाज निरुपद्रवी असतो. तो पुष्कळ निरोगी गुडघ्यांतून येतो आणि आवाजाच्या भीतीने उठाबशा सोडणाऱ्यांचे स्नायू मात्र खरोखर कमकुवत होतात. धावण्याने गुडघा झिजतो ही भीतीही मनातून काढा. २०१७ सालच्या एका मोठ्या आढाव्यात खुबा व गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के आणि बैठ्या जीवनशैलीच्या लोकांमध्ये १०.२ टक्के आढळले होते.

तुमच्यासाठी सध्या एवढे पुरे. टेकडी सहा आठवडे बंद, सपाटीवरचे अंतर वाढवण्यापूर्वीचे होते तेवढेच ठेवा आणि पावले थोडी जलद टाका. आठवड्यातून तीन दिवस खुब्याचे व मांडीचे व्यायाम, त्यांत उठाबशी वेदना तीनच्या वर जाणार नाही इतक्याच खोलीपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कसे वाटते ते वहीत लिहून ठेवा. सहा आठवड्यांत त्या नोंदीत काहीच उतार दिसला नाही, किंवा मध्येच सूज आली, तर एमआरआय पुन्हा न काढता गुडघा आणि खुबा दोन्ही हाताने तपासून घ्या.